चार किलोचा पाइप

शेतीच्या सामानाच्या दुकानात गिऱ्हाईक पायरी चढलं की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘किती इंची, आणि किती किलोचा?’ विहिरीवरून वरच्या तुकड्यात पाणी न्यायचं असेल तर ‘अडीच इंची, चार किलो’ असं उत्तर येतं. चढ जास्त असेल तर सहा किलो. नवख्या माणसाला वाटतं, पाइप वजनावर विकत असावेत. पण हा किलो तराजूवरचा नाही. दर चौरस सेंटिमीटरला चार किलो एवढा पाण्याचा दाब हा पाइप सोसेल, असा त्याचा अर्थ. म्हणजे ढोबळमानाने ४० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा भार. शाळेत दाबाचं एकक कधीच घोटून न घेतलेला माणूसही दुकानाच्या ओट्यावर उभा राहून ते बिनचूक वापरत असतो.

तराजूवरचं वजन मात्र वेगळंच काही सांगतं, आणि ते सर्वसाधारण समजुतीच्या नेमकं उलट असतं. जड ते दणकट, असा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. भांडं असो की नांगराचा फाळ. पाइपाच्या बाबतीत तो फसवतो. हे पाइप ज्याचे असतात त्या पीव्हीसीची (पॉलिव्हायनिल क्लोराइडची) घनता १.४ च्या आसपास असते. माल स्वस्त पडावा म्हणून त्यात चुनखडीची बारीक भुकटी मिसळतात, आणि तिची घनता असते २.७. थोडी भुकटी चालते, किंबहुना काही प्रमाणात ती उपयोगीही पडते. पण हात सैल सुटला की पाइप ठिसूळ होतो आणि तरीही हाताला भारी लागतो. म्हणूनच पाण्याच्या पाइपांसाठीच्या आयएस ४९८५ या भारतीय मानकात घनतेला १.४० ते १.४६ अशी वेस घातलेली आहे. सारख्याच व्यासाच्या आणि सारख्याच जाडीच्या दोन पाइपांपैकी जो अधिक जड, त्यात चुना अधिक. ‘दुकानदाराने चुना लावला’ ही तक्रार इथे अलंकारिक उरत नाही.

पीव्हीसी कधीच एकटं नसतं, हे या चुन्यामुळे ध्यानात येतं. शुद्ध पीव्हीसी म्हणजे पिठासारखी पांढरी पूड. ती नुसती तापवली तर धड वितळायच्या आधीच करपायला लागते. तिच्यापासून काही घडवायचं तर सोबत आणखी चार-सहा पदार्थ घ्यावेच लागतात, आणि मग ती सोबत जशी, तसा माल. त्याच पुडीतून जमिनीखाली अर्धशतक पडून राहणारा कडक नळ निघतो आणि रक्ताची मऊ पिशवीही निघते. या प्लास्टिकच्या नावावर जमा असलेले गुण आणि त्याच्यावरचे बहुतेक आरोप मुळात या सोबत्यांचे असतात. बहुतेक म्हणायचं, कारण एक आरोप त्याच्या स्वतःच्या जन्मावरचाच आहे. तो पुढे येईलच.

आधी नावाचा गोंधळ निस्तरायला हवा. बोलताना आपण दिसेल त्या नळीला पीव्हीसी म्हणून मोकळे होतो. गुंडाळी करून येणारा काळा पाइप पॉलिथिनचा असतो. ठिबकाच्या उसाच्या सरीतून धावणाऱ्या बारीक काळ्या नळ्याही पॉलिथिनच्याच. त्यांना पाणी पुरवणारी जमिनीत गाडलेली मुख्य वाहिनी तेवढी पीव्हीसीची. गच्चीवरची टाकी पॉलिथिनची, न्हाणीघरातली बादली बहुधा पॉलिप्रॉपिलिनची. जगात उत्पादनाच्या हिशेबात पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन या दोघांनंतर पीव्हीसीचा क्रम लागतो.

या दोघांपासून पीव्हीसीला वेगळं काढतो तो क्लोरिन. बाकीची रोजच्या वापरातली प्लास्टिकं जवळजवळ पूर्णपणे खनिज तेलाची आणि वायूची लेकरं आहेत. पीव्हीसीच्या वजनातला ५७ टक्के भाग क्लोरिनचा असतो, आणि तो येतो मिठातून. एक किलो पीव्हीसीत जेवढा क्लोरिन असतो, तेवढा मिळवायला सव्वानऊशे ग्रॅमहून थोडं अधिक मीठ लागतं. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की एका बाजूला कॉस्टिक सोडा मिळतो आणि दुसऱ्या बाजूला क्लोरिन वायू. साबण, कागद, कापड, ॲल्युमिनियम, सगळ्यांना कॉस्टिक हवा असतो. पण दर टन कॉस्टिकमागे सुमारे पावणेनऊशे किलो क्लोरिन अंगावर येऊन पडतो, आणि तो विषारी वायू साठवून ठेवणं परवडणारं नसतं. त्याला कुठेतरी खपवावंच लागतं. पीव्हीसी हे त्याचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक. साबणाच्या वडीचा आणि शेतातल्या पाइपाचा कारखान्याच्या हिशेबवहीत असा सोयरसंबंध आहे.

या पदार्थाचा शोध दोनदा लागला आणि दोन्ही वेळा तो कुणालाच नको होता. फ्रान्सच्या आंरी व्हिक्तोर रेन्योने १८३५ मध्ये व्हायनिल क्लोराइड हा वायू तयार केला. १८७२ मध्ये ऑयगेन बाउमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या काचेच्या नळीत, सूर्यप्रकाशाने त्या वायूचा पांढरा घट्ट पदार्थ झाला. त्याने नोंद केली आणि विषय तिथेच राहिला. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत कॅल्शियम कार्बाइड पडून राहू लागलं. कार्बाइडवर पाणी टाकलं की ॲसिटिलिन वायू निघतो आणि त्यावर दिवे जळत. पण विजेचे दिवे आले आणि ॲसिटिलिनचं करायचं काय, हा प्रश्न पडला. ग्रीसहाइम-एलेक्ट्रॉन कंपनीतल्या फ्रिट्झ क्लाटे याने त्यापासून व्हायनिल क्लोराइड आणि त्याचं प्लास्टिक बनवण्याचं पेटंट घेतलं. पण त्या पुडीला आकार कसा द्यायचा, हे काही जमेना. १९२५ मध्ये कंपनीने पेटंट सोडून दिलं.

कार्बाइडची ही वाट इतिहासजमा झाली आहे असं मात्र कुणी समजू नये. जगातल्या बहुतेक कारखान्यांत आता पेट्रोलियममधून मिळणारं इथिलिन वापरतात, पण चीनमधलं बहुतांश पीव्हीसी अजूनही कोळसा, चुनखडी, कार्बाइड, ॲसिटिलिन याच वाटेने येतं. त्यासाठी पाऱ्याचं संयुग उत्प्रेरक म्हणून लागतं. पाऱ्यावर नियंत्रण आणणाऱ्या मिनामाता कराराच्या यादीत पीव्हीसीचं नाव आहे ते यामुळेच. आणि आपल्याकडे कार्बाइड आणि पीव्हीसीची गाठ भलत्याच ठिकाणी पडते. पाइपाच्या तुकड्यात कार्बाइडचे खडे आणि पाणी घालून, लायटरच्या ठिणगीने बार काढायची ‘बंदूक’ माकडं आणि रानडुकरं हाकलायला वापरतात. २०२५ च्या दिवाळीत ती फटाक्याच्या जागी मुलांच्या हातात गेली आणि भोपाळसह मध्य प्रदेशातल्या शहरांत शंभराहून अधिक मुलांच्या डोळ्यांना इजा झाली. पाण्याचा दाब सोसणारा नळ वायूच्या स्फोटासाठी बनवलेलाच नसतो. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे नळ फुटला तरी चीर जाऊन दाब लगेच उतरतो. दाबलेला वायू नळासकट उडतो, आणि कडक पीव्हीसीच्या ठिकऱ्या धारदार असतात.

पुडीला वळण लावलं ते अमेरिकेत. ओहायोतल्या ॲक्रन गावी बी. एफ. गुडरिच या टायर कंपनीत वाल्डो सेमन नावाचा तरुण रसायनशास्त्रज्ञ धातूला रबर चिकटवणारा गोंद शोधत होता. १९२६ मध्ये त्याने पीव्हीसी उकळबिंदू खूप वर असलेल्या एका द्रवात तापवलं. गोंद मिळाला नाही. थंड झाल्यावर भांड्यात रबरासारखा लवचीक, पण हवा-पाण्याला दाद न देणारा गोळा मिळाला. पुडीच्या लांब साखळ्यांच्या मधे द्रवाचे रेणू जाऊन बसले होते आणि साखळ्या एकमेकींवरून सरकायला मोकळ्या झाल्या होत्या. आज ज्यांना प्लास्टिसायझर म्हणतात त्या मऊकारकांचा हा पहिला मोठा विजय. सेमन १०० वर्षं जगला, १९९९ मध्ये वारला. आपल्या फसलेल्या गोंदाचे रेनकोट, विजेच्या तारांची वेष्टणं आणि जमिनीवरची आच्छादनं झालेली त्याला पाहायला मिळाली.

हे मऊकारक साखळ्यांशी रासायनिक बंधनाने बांधलेले नसतात. पाहुण्यासारखे राहतात आणि संधी मिळाली की निघून जातात. याचा पुरावा प्रत्येक मराठी शाळकरी मुलाच्या कंपासपेटीत असतो. नव्या पद्धतीचं पांढरं खोडरबर बहुधा मऊ पीव्हीसीचं असतं. मे महिन्याच्या सुट्टीत ते पट्टीला किंवा कोनमापकाला लागून राहिलं, तर जूनमध्ये पट्टीला चिकटलेलं सापडतं आणि ओढून काढलं की पट्टीवर खड्डा. खोडरबरातला मऊकारक पट्टीच्या प्लास्टिकमध्ये शिरतो आणि तिलाही मऊ करतो. जुना रेनकोट घडीवर तडकतो, ठेवणीतली पर्स चिकट होते, तो याच पाहुण्याचा प्रताप. स्कूटरच्या सीटचं, एसटीच्या बाकांचं, स्वस्त सोफ्याचं ‘रेक्झिन’ म्हणजे कापडावर चढवलेला मऊ पीव्हीसीचा थर. मुळात रेक्झिन हे इंग्लंडमधलं व्यापारी नाव आणि तो माल वेगळ्याच रसायनाचा होता. नाव टिकलं, माल बदलला.

भारतात पीव्हीसीचं उत्पादन १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत कॅलिकोच्या कारखान्यात सुरू झालं. त्या दशकाच्या अखेरीस ठाणे-बेलापूर पट्ट्यात नोसिल आली. पण महाराष्ट्राच्या शिवारात पाइप खऱ्या अर्थाने उतरला तो १९८० नंतर. त्याआधी पाणी पाटाने, सिमेंटच्या नळातून किंवा लोखंडी पाइपातून जाई. चार इंची जस्ती पाइपाचा एक मीटर सुमारे १२ किलो भरतो; तेवढ्याच पीव्हीसीचं वजन दीड-दोन किलो. पूर्ण सहा मीटरची लांबी एक माणूस खांद्यावर टाकून बांधावरून चालत जातो. शिवाय आतून तो इतका गुळगुळीत की पाण्याला घर्षण कमी, म्हणून त्याच मोटरीत पाणी अधिक. आणि गंज तर नाहीच. विहीर एका गटात आणि जमीन दोन किलोमीटरवर, नदी खाली आणि माळ वर, अशा ठिकाणी खासगी किंवा चार-पाच घरांच्या सामाईक पाइपलाइनी या हलकेपणावर उभ्या राहिल्या. ओलिताखालच्या क्षेत्राचा इतिहास लिहिताना धरणांना आणि विजेच्या पंपांना मान मिळतो. पाइपाला तो कुणी फारसा देत नाही, आणि हा अन्याय आहे.

जळगावला भवरलाल जैन यांनी १९७८ मध्ये पपईच्या चिकापासून पपेन बनवण्याचा उद्योग सुरू केला होता. १९८० मध्ये ते पीव्हीसी पाइपांकडे वळले आणि पाइपांवरून ठिबककडे. केळीच्या पट्ट्यातल्या बाजारपेठेला पाइपांचं केंद्र करण्यात त्यांचा वाटा मोठा. कोकणात प्रल्हाद छाब्रिया यांच्या फिनोलेक्सने रत्नागिरीजवळ रनपार-गोळपला १९९० च्या दशकात पीव्हीसीच्या पुडीचाच कारखाना उभारला. तिथे कंपनीची स्वतःची जेट्टी आहे. इथिलिन, व्हायनिल क्लोराइड असा कच्चा माल समुद्रमार्गे येतो. पावसच्या वाटेवरून जाणाऱ्याला आंब्याच्या बागांमागे कारखान्याची धुराडी दिसतात. तरीही देशाची भूक भागत नाही. भारताला वर्षाला ४० लाख टनांच्या आसपास पीव्हीसी लागतं आणि त्यातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. आलेल्या मालाचा सर्वांत मोठा वाटा पाइपांतच जातो. युरोपात खिडक्यांच्या चौकटींनाही तेवढंच महत्त्व. आपल्याकडे पीव्हीसी म्हणजे प्रथम पाइप.

पाइप जोडण्याची रीतही पाहण्याजोगी आहे. ‘सोल्युशन’ म्हणून डबीत मिळतं तो सर्वसाधारण अर्थाने गोंद नव्हे. त्यातली द्रावकं पाइपाचा आणि सॉकेटचा पृष्ठभाग विरघळवतात. दोन्हींच्या साखळ्या एकमेकींत मिसळतात आणि द्रावक उडून गेला की दोन तुकड्यांचा एकच तुकडा उरतो. म्हणून तेल किंवा माती पुसली नाही, किंवा घाई करून लगेच मोटर चालू केली, तर सांधा सुटणारच. कपलर हाताशी नसला की शेतकरी पाचट पेटवून पाइपाचं तोंड शेकतो, ते मऊ पडलं की दुसरा पाइप त्यात दाबून बसवतो. ८० अंशांच्या सुमारास कडक पीव्हीसी मऊ व्हायला लागतं, त्या गुणाचा हा बांधावरचा उपयोग. मानक याला मान्यता देणार नाही. तोंड पातळ होतं आणि कधी करपतंही. पण अडल्या वेळी पाणी चालू होतं.

तोच गुण घरात अवगुण ठरतो. सोलर हीटरला कुणी स्वस्तात साधा पाइप जोडला तर पहिल्याच उन्हाळ्यात तो झोळीसारखा लोंबतो. गरम पाण्यासाठी पीव्हीसीत आणखी क्लोरिन घालून बनवलेलं सीपीव्हीसी लागतं. ते ९० अंशांपर्यंत टिकतं, प्लंबर त्याला पिवळट रंगावरून ओळखतो. थंडी-उन्हात लांबी बदलणं हा दुसरा त्रास. ३० अंशांचा फरक पडला की सहा मीटरचा पाइप एखादा सेंटिमीटर वाढतो किंवा आखडतो, आणि भिंतीवर पक्का जखडलेला असेल तर सांध्यावर ताण येतो. उघड्यावर टाकलेला पाइप उन्हाने पांढुरका पडतो आणि कुदळीचा हलका घाव लागला तरी तडकतो. गाडला तर मात्र त्याचं आयुष्य मोठं. जर्मनीत १९३० च्या दशकात पुरलेले नळ अनेक दशकांनी उकरून तपासले, तेव्हा चांगल्या स्थितीत निघाले.

विजेच्या तारांवर पीव्हीसी आलं ते रबर आणि कापसाच्या वेष्टणाच्या जागी. क्लोरिनमुळे ते सहजी पेटत नाही; हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो, कडक पीव्हीसीला जळत राहायला त्याच्या दुप्पट लागतो. ज्योत काढली की विझतं. घरातल्या वायरिंगसाठी याहून सोयीचा गुण कोणता? पण आग बाहेरून भडकलेली असेल आणि पीव्हीसीला त्यात जळावंच लागलं, तर तोच क्लोरिन हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ होऊन बाहेर पडतो. धुरात डोळे उघडत नाहीत, जिना सापडत नाही. म्हणून गर्दीच्या बंदिस्त जागांत, भुयारी मेट्रोत, आता हॅलोजन नसलेल्या वेष्टणाच्या तारा घालतात, आणि घरांसाठी कमी धूर करणाऱ्या ‘एफआरएलएस’ तारा मिळतात. भंगारवाले तांबं काढायला तारा उघड्यावर जाळतात, तिथे तर डायॉक्सिनसारखी घातक संयुगंही निघतात.

रक्तपेढीत मऊकारकाच्या सगळ्यात चमत्कारिक करामतीशी गाठ पडते. पूर्वी रक्त काचेच्या बाटलीत साठवत. बाटली फुटे, आणि हवेचा बुडबुडा शिरेत जायचा धोका असे. १९५० मध्ये अमेरिकेतले डॉक्टर कार्ल वॉल्टर आणि विल्यम मर्फी यांनी पीव्हीसीची पिशवी आणली आणि कोरियाच्या युद्धात तिची परीक्षा झाली. पिशवी दाबता येते, गोठवता येते, आणि एकमेकींना जोडलेल्या पिशव्यांतून रक्ताचे लाल पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट असे घटक बंद मार्गानेच वेगळे करता येतात. आजची घटक-रक्तपद्धती या पिशवीशिवाय सुचलीच नसती. आपल्याकडे तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने हे तंत्र विकसित केलं आणि त्यातून देशी रक्तपिशव्यांचा उद्योग उभा राहिला.

या पिशवीच्या वजनातला तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक भाग डीईएचपी नावाच्या थॅलेट मऊकारकाचा असतो. तो रक्तात उतरतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत थॅलेटांचा नराच्या जननेंद्रियांच्या वाढीवर परिणाम दिसल्यामुळे मुलांच्या खेळण्यांतून त्यांना युरोपने हद्दपार केलं, आणि अतिदक्षता विभागातल्या नवजात मुलग्यांबद्दल अमेरिकी औषध प्रशासनाने २००२ मध्येच सावध केलं. मग पिशवीतून तो काढत का नाहीत? कारण रक्तात उतरलेला हाच डीईएचपी लाल पेशींच्या आवरणात बसतो आणि त्यांना फुटण्यापासून वाचवतो. मऊकारक काढला की रक्त लवकर बिघडतं. योग्य पोषक द्रावणासह लाल पेशी ४२ दिवस टिकतात, त्या हिशेबात या आगंतुकाचाही हात आहे. पर्याय आहेत, पण प्रत्येकाला आधी ही न मागितलेली सेवा बजावून दाखवावी लागते.

तबकडीची गोष्ट जाता जाता. बालगंधर्वांची पदं ज्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर निघाली, त्या शेलॅकच्या, म्हणजे भारतीय जंगलांतल्या लाखेच्या. पडल्या की फुटायच्या. कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये आणलेली लाँग प्ले तबकडी व्हायनिलची. खरखर कमी, खाचा बारीक, म्हणून एका बाजूवर वीसेक मिनिटांचं गाणं मावायला लागलं. ख्याल साडेतीन मिनिटांत कोंबायची सक्ती सुटली ती या प्लास्टिकमुळे.

आणि मग फ्लेक्स. महाराष्ट्रात पीव्हीसीचं नाव कुणी घेत नाही, पण ते चौकाचौकांत हात जोडून उभं असतं. पॉलिएस्टरच्या जाळीदार कापडावर दोन्ही बाजूंनी पीव्हीसीचा थर, त्यावर छापलेले भाऊ, दादा, साहेब आणि खाली ओळीने तीस-चाळीस शुभेच्छुकांचे फोटो. रंगाऱ्याने कापडावर हाताने लिहिलेल्या फलकाला दिवस लागत. फ्लेक्स तासाभरात छापून मिळतो. ‘फ्लेक्सबाजी’ हा शब्द मराठीने या प्लास्टिकला बहाल केलेला आहे. बेकायदा फलकांवर मुंबई उच्च न्यायालयाने वारंवार खडसावलं. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या वस्तूंवर जी देशव्यापी बंदी आली, तिच्यात १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी फलकही आहेत. चौकातले फ्लेक्स बहुधा त्याहून जाड, म्हणजे बंदीच्या वरून सुखरूप निघून जातात. कापड आणि पीव्हीसी एकमेकांत बसलेले, त्यामुळे पुनर्वापर जवळपास अशक्य. उतरवलेले फ्लेक्स झोपड्यांच्या छपरांवर, कडब्याच्या गंजीवर, वीटभट्टीच्या कच्च्या विटांवर जातात. पावसाळ्यात गावाबाहेरून जाताना गंजीवर उलटा पडलेला हसरा नेता दिसतो. उपयोगाच्या दृष्टीने पाहिलं तर त्या फलकाचं हे दुसरं आयुष्य पहिल्यापेक्षा बरं.

आता तो जन्मावरचा आरोप. तयार पीव्हीसी शरीराला फारसं काही करत नाही, पण ते ज्यापासून बनतं तो व्हायनिल क्लोराइड वायू यकृताचा कर्करोग घडवतो. १९७४ च्या जानेवारीत, सेमनच्याच गुडरिच कंपनीच्या केंटकी राज्यातल्या लुइव्हिल कारखान्यातले तीन कामगार अँजिओसार्कोमा या अत्यंत दुर्मीळ यकृतकर्करोगाने दगावल्याचं जाहीर झालं. कारखान्याचे डॉक्टर जॉन क्रीच यांच्या लक्षात ती संगती आली होती. पीव्हीसी ज्यात तयार होतं त्या बंद भांड्यात उतरून, भिंतींना धरलेली पीव्हीसीची खपली हाताने खरवडण्याचं काम माणसं करत. त्या काळी हवेत दहा लाख भागांत ५०० भाग वायू चालत असे. त्याच वर्षी मर्यादा एकावर आणली. केस बसवायच्या फवाऱ्यांतही हा वायू भरत, तेही थांबलं. उंदरांवर गाठी दिसल्याचं इटलीचे पिएर लुइजी व्हिओला यांनी त्याच्या तीन-चार वर्षं आधीच मांडलं होतं. व्हेनिसजवळच्या पोर्तो मार्गेरातला गाब्रिएले बोर्तोलोत्सो नावाचा कामगार मेलेल्या सहकाऱ्यांची यादी स्वतः जमवत राहिला आणि त्यावरून उभा राहिलेला खटला इटलीत वर्षानुवर्षं चालला.

मर्यादा आल्या, भांडी आता पाण्याच्या झोताने बाहेरून धुतात, कारखान्यातला धोका खूपच उतरला. वाहतुकीतला उतरलेला नाही. ३ फेब्रुवारी २०२३ रोजी ओहायोतल्या ईस्ट पॅलेस्टाइन गावात मालगाडी रुळांवरून घसरली. पाच वाघिणींत व्हायनिल क्लोराइड होतं. स्फोटाच्या भीतीने ते मुद्दाम पेटवून दिलं आणि काळ्या धुराचा खांब साऱ्या जगाने पाहिला. मऊ पीव्हीसीचा जिथे जन्म झाला त्या ॲक्रनपासून हे गाव फार लांब नाही.

आपल्याकडचा जास्त जवळचा प्रश्न शिशाचा. पूड साच्यात तापवताना करपू नये म्हणून उष्णता-स्थिरकारक घालावं लागतं, आणि शिशाची संयुगं त्यासाठी स्वस्त आणि भरवशाची. तीच पिण्याच्या पाण्याच्या नळात जाऊन बसली. नव्या नळातून पाण्यात उतरणारं शिसं पहिल्या काळात अधिक असतं, पुढे कमी होतं. पण मुलांच्या मेंदूच्या बाबतीत शिशाची निर्धोक मात्रा नाही. पाश्चात्त्य देशांनी कॅल्शियम-जस्त किंवा कथिलाच्या संयुगांकडे वळण घेतलं. आपल्याकडे राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये सरकारचे कान टोचले आणि २०२१ मध्ये पीव्हीसी पाइपांतल्या शिशाच्या स्थिरकारकांविषयीचे नियम आले. तोवर चाळीस वर्षांचे पाइप जमिनीत गेलेले होते.

ते आता वर येऊ लागले आहेत. भावांत वाटण्या होतात, रस्ता रुंद होतो, जुन्या अडीच इंचीच्या जागी चार इंची टाकायची ठरते, आणि जेसीबीच्या दातांना करडे तुकडे लागतात. भंगारात त्यांना किंमत आहे, कारण कडक पीव्हीसी दळून पुन्हा वापरता येतं. विजेच्या कंड्युइटमध्ये, बिनशिक्क्याच्या पाइपात ते परततं आणि शिसंही सोबत परततं. वेगळं काढणं तेवढं नीट व्हावं लागतं. पाण्याच्या बाटलीचं पेट आणि पीव्हीसी यांची घनता जवळजवळ सारखी, त्यामुळे पाण्यात टाकून तरंगणारं आणि बुडणारं अशी निवड चालत नाही, आणि पेटच्या मालात चिमूटभर पीव्हीसी गेलं तरी सगळा घाणा पिवळा पडतो. प्रयोगशाळेतली जुनी परीक्षा अशी: तांब्याची तार लाल तापवायची, प्लास्टिकला टेकवायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली की क्लोरिन आहे. धारावीच्या तेरा कंपाउंडमधला निवडणारा तार शोधत बसत नाही. तुकडा पेटवतो, धूर हुंगतो आणि ढिगात फेकतो.

गावातला भंगारवाला त्याहून साधं करतो. पाइप आपटतो, तुकडा पडला की कडेचा पांढुरका रंग पाहतो, आणि चुना जास्त दिसला की भाव पाडून सांगतो. मग दोरीने मोळी बांधून काट्याला लावतो. इथे मात्र किलो तराजूवरचाच असतो.